मागच्या राउटरचं सेटिंगचं पान उघडेना: आठ दिवसांच्या नोंदी

काम एवढंच होतं की मागच्या खोलीतल्या राउटरचा वायफाय पासवर्ड बदलायचा. गेल्या तीन वर्षांत तो इतक्या जणांना सांगून झालाय की आता तो पासवर्ड उरलेलाच नाही. अर्धा तास लागेल असं धरलं होतं. लागले आठ दिवस, आणि त्यातला प्रत्यक्ष वेळ मोजला तर साडेदहा तासांच्या आसपास. कुणी याच भानगडीत अडकलं असेल तर माझे चुकलेले रस्ते तरी वाचतील, म्हणून लिहून ठेवतोय.

घरात दोन डबे आहेत. एक पुढच्या खोलीत, इंटरनेट कंपनीने बसवलेला, ज्यात फायबर येते. त्याला मी इथे 'पुढचा' म्हणतो. दुसरा माझा जुना राउटर, मागच्या खोलीत, पुढच्यापासून ओढलेल्या केबलवर चालणारा. तो 'मागचा'. कोणता डबा कोणता, हे वाचताना ध्यानात असू द्या. मला पहिला अर्धा दिवस ते नव्हतं.

७ जून, शनिवार

सकाळी १०.१५. मागचा डबा उलटा करून लेबल वाचलं. पत्ता १९२.१६८.०.१, युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन'. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर सर्चचे निकाल आले. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पाच मिनिटांनी लक्षात आलं की कीबोर्ड मराठीवर आहे आणि आकडे देवनागरीत पडतायत. ब्राउझरला तो पत्ता वाटतच नाही, शोधायला दिलेला मजकूर वाटतो. या नोंदींत मी आकडे मराठीत लिहितोय, पण टाकताना कीबोर्ड इंग्रजी करून घ्या.

१०.२५. इंग्रजी आकड्यांत टाकलं. गोल चकरी फिरत राहिली आणि शेवटी 'साइटपर्यंत पोहोचता येत नाही'. मोबाइल मागच्याच्याच वायफायला जोडलेला, त्याच्यापासून चार फुटांवर, तरी.

१०.४०. दुसरा नेहमीचा पत्ता, १९२.१६८.१.१, टाकून बघितला. लॉगिनचं पान लगेच उघडलं. मला वाटलं, लेबल चुकीचं छापलंय. आनंदाच्या भरात लेबलवरचा पासवर्ड टाकला. चूक. वायफायचा टाकला. चूक. मग मी तीन वर्षांपूर्वी वापरत होतो त्या पासवर्डांचे सगळे अवतार टाकायला लागलो: शेवटी एक लावून, पहिलं अक्षर मोठं करून, जन्मसाल जोडून. पाचव्या की सहाव्या वेळी पान म्हणालं, फार वेळा चुकलात, थोड्या वेळाने या.

११.००. डबा बंद करून चालू केला. मागचा. पानावरचं कुलूप तसंच. याचं नवल वाटायला हवं होतं. जो डबा आत्ता बंद करून चालू केला त्याला मघाचं कुलूप कसं आठवतंय? नाही वाटलं. दहा-पंधरा मिनिटं थांबलो, पुन्हा पासवर्ड, पुन्हा कुलूप. हे चक्र साडेबारापर्यंत चाललं.

१२.३०. मुलगी येऊन खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "बाबा, तू हे कुठल्या डब्याचं पान उघडलंयस?" मी म्हटलं, मागच्याचं. "मग त्याच्यावर मॉडेल नंबर दुसराच का आहे?"

पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मॉडेल लिहिलेलं होतं. ते मागच्याच्या लेबलशी जुळत नव्हतं, पुढच्याच्या लेबलशी जुळत होतं. दोन तास मी मागच्याचे पासवर्ड पुढच्याला देत होतो. अजून वाईट म्हणजे, मध्ये एकदा पुढच्याचा रिसेट दाबायचा विचारही करून झाला होता. तो दाबला असता तर फायबरच्या जोडणीसाठी कंपनीने त्यात भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड उडालं असतं आणि अख्ख्या घराचं इंटरनेट गेलं असतं. ते युजरनेम माझ्याकडे कुठेही लिहिलेलं नाही.

१.१५. पुढच्याच्या लेबलवर दोन पासवर्ड आहेत, एक वायफायचा आणि त्याखाली, बारीक टायपात, सेटिंगचा. कुलूप सुटेपर्यंत थांबलो आणि तो टाकला. पहिल्या फटक्यात आत. त्याआधी ब्राउझरने 'ही जोडणी खाजगी नाही' असा लाल इशारा दिला होता. डब्याने स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र असतं, म्हणून ब्राउझर ते मानत नाही. पत्ता आपल्याच घरातला आहे याची खात्री असेल तर 'तरीही पुढे जा' म्हणायचं.

आत दोन गोष्टी पाहून कागदावर उतरवल्या. एक, पुढचा डबा घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो ते शेवटचा आकडा १०० ते २०० या पट्ट्यातले. दोन, जोडलेल्या यंत्रांच्या यादीत मागचा डबा नाहीच. त्याच्यामागचे मोबाइल दिसतात, टीव्ही दिसतो, तो स्वतः गायब.

आजचा वेळ तीन तास. हाती काय, तर पुढच्या डब्याचं पान, जे मला नकोच होतं.

८ जून, रविवार

आज लॅपटॉप घेतला. मोबाइलवर अंदाजपंचे पत्ते टाकण्यापेक्षा हे आधीच करायला हवं होतं. कमांडच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' लिहून एंटर मारलं. मागच्याच्या वायफायवर असतानाही 'डिफॉल्ट गेटवे' समोर १९२.१६८.१.१. म्हणजे मागच्याच्या वायफायवर बसलो तरी दारवान पुढचाच आहे. मागचा नुसता निरोप्या, इकडचं तिकडे पोचवणारा. (लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर जोडलेल्या वायफायच्या तपशिलात हाच आकडा 'गेटवे' किंवा 'राउटर' या नावाखाली मिळतो.)

आता तीन वर्षांपूर्वीचं आठवायला लागलं. तेव्हा मी मागच्याचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं होतं आणि केबल त्याच्या निळ्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट घेण्याचं तोंड) न लावता पिवळ्या लॅन पोर्टमध्ये (घरातल्या यंत्रांसाठीचं तोंड) लावली होती, दोन डब्यांनी एकाच घरात वेगवेगळे पत्ते वाटू नयेत म्हणून. ते बरोबरच केलं होतं. फक्त त्याचा स्वतःचा पत्ता तेव्हा बदलायचा राहिला.

तरी खात्री म्हणून १९२.१६८.१.१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत प्रत्येकाला एकेक पिंग मारलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, आणि मग 'एआरपी' ची यादी काढली, ज्यात कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र ते दिसतं. दहा मिनिटं गेली. सात यंत्रं सापडली. मागच्याच्या लेबलवर छापलेल्या मॅक पत्त्याच्या (यंत्राला कारखान्यात मिळालेला ओळख क्रमांक) पहिल्या तीन जोड्यांशी जुळणारं एकही नाही. मॅकच्या त्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीच्या असतात, त्यामुळे जुळणी करायला सोप्या पडतात.

म्हणजे लेबल खरं होतं. मागचा आजही १९२.१६८.०.१ वरच बसलाय. माझा लॅपटॉप १९२.१६८.१ च्या गल्लीत. मास्क, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग गल्लीचा ते ठरवणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असल्यामुळे लॅपटॉपच्या दृष्टीने तिसरा आकडा वेगळा म्हणजे गल्ली वेगळी, त्यामुळे तो मागच्याला थेट हाक न मारता सगळं गेटवेकडे पाठवतो. गेटवेला त्या गल्लीचा पत्ता नाही. डबा हाताच्या अंतरावर, आणि हाक जाते पुढच्या खोलीत.

उपाय सोपा निघाला. लॅपटॉपला तात्पुरतं त्या गल्लीत राहायला पाठवायचं. केबलने लॅपटॉप मागच्याच्या लॅन पोर्टला जोडला आणि केबलच्या सेटिंगमध्ये हाताने भरलं: पत्ता १९२.१६८.०.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेची चौकट रिकामी. गेटवे रिकामा ठेवल्याचा फायदा असा की वायफायवरून इंटरनेट चालू राहतं आणि केबलवरून फक्त डब्याशी बोलणं होतं.

१९२.१६८.०.१ ला पिंग. चारही वेळा 'वेळ संपली'. केबल बदलली. पोर्ट बदललं. तेच. वीस मिनिटांनी घड्याळाशेजारी ऑफिसच्या व्हीपीएनचं, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या खाजगी बोगद्याचं, चिन्ह दिसलं, शुक्रवारपासून चालूच राहिलेलं. ते १९२.१६८.० च्या गल्लीकडे जाणारी वाटही आपल्या बोगद्यात ओढून घेत होतं. बंद केलं, पिंगला उत्तर आलं, एका मिलिसेकंदाच्या आत. इतक्या छोट्या ओळीचा इतका आनंद पूर्वी झालेला नाही.

पण पान उघडेना! पिंग चालतंय, ब्राउझर म्हणतोय 'जोडणी नाकारली'. इथे पाऊण तास गेला. ब्राउझर बदलले, जुना साठा पुसला, फायरवॉल क्षणभर बंद केली. कारण हास्यास्पद होतं. पत्ता मी नव्याने टाइप केलाच नव्हता. कालच्या पुढच्या पानाचा पत्ता कॉपी केला होता आणि त्यातला १ खोडून ० केला होता. अ‍ॅड्रेस बारमध्ये दिसताना नुसते आकडे दिसतात, पण मागे दडलेलं 'एचटीटीपीएस' त्याच्यासोबत आलं होतं. पुढच्याला ते चालतं. मागचा त्याच्या आधीच्या जमान्यातला, त्याला फक्त साधं 'एचटीटीपी' कळतं, सुरक्षित जोडणीचं दार त्याच्याकडे नाहीच. पुढे 'एचटीटीपी', अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा असं सगळं हाताने लिहून पत्ता टाकला.

राखाडी रंगाचं, जुन्या धाटणीचं लॉगिनचं पान आलं. कोपऱ्यातला मॉडेल नंबर आधी वाचला. जुळला.

अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. चूक. अर्थातच चूक, तीन वर्षांपूर्वीचा मी इतका शहाणा होतो की तो बदलला, आणि इतका शहाणा नव्हतो की कुठे लिहून ठेवला. सहा-सात आवडते पासवर्ड टाकून पाहिले आणि थांबलो. यापुढे फक्त रिसेट. रात्र झाली होती, उद्यावर ढकललं. पावणेतीन तास.

९ जून, सोमवार

सकाळी, ऑफिसमध्ये. टेबलावरची केबल लॅपटॉपला लावली, नेटवर्क चालेना. पंधरा मिनिटं मीच खटपट केली, मग संगणक विभागातल्या मुलाला बोलावलं. त्याने सेटिंग उघडलं आणि विचारलं, "सर, हा शून्य पॉइंट पन्नास कुणी घातला?" काल हाताने भरलेला पत्ता तसाच राहिला होता. 'आपोआप मिळवा' करून दिला त्याने. तुम्ही हा उपाय केलात तर काम झाल्या झाल्या हे परत फिरवा.

संध्याकाळी ७.०० पासून आजची खरी माती.

मागच्याच्या पाठीवर रिसेटचं बटण आहे आणि त्याच बटणावर डब्ल्यूपीएसही (पासवर्ड न टाकता वायफाय जोडायची सोय) लिहिलंय. चार-पाच सेकंद दाबलं, एक दिवा लुकलुकला, बाकी काही नाही. थोडं दाबलं तर डब्ल्यूपीएस, जास्त दाबलं तर रिसेट. दुसऱ्यांदा मोबाइलवर सेकंद मोजत दहा पूर्ण होईपर्यंत दाबून ठेवलं. सगळे दिवे एकदम विझले, मग एकेक करून पेटले. झालं.

पुढच्या डब्याकडून येणारी केबल मी काढली नव्हती.

७.२० ला बायको म्हणाली, मीटिंग तुटली. मुलीचं चालू होतं. टीव्ही बंद. माझा मोबाइल पुढच्याच्या वायफायवर, पूर्ण रेघा, इंटरनेट नाही. दहा मिनिटांनी बायकोचं आलं, मुलीचं गेलं. मला वाटलं कंपनीची लाइन गेली. त्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला, चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, मग समजलं की लाइन ठणठणीत आहे. ती बाई बिचारी बरोबर होती, मीच तिच्याशी जरा चढ्या आवाजात बोललो.

काय झालं होतं ते नीट सांगतो, कारण हा दोष बाहेरून ओळखता येत नाही. रिसेटमुळे मागच्याचं पत्ते वाटणं पुन्हा सुरू झालं. केबल लॅन पोर्टमध्ये असल्यामुळे तो नुसता मागच्या खोलीत नाही, साऱ्या घराला पत्ते वाटायला लागला. एखादं यंत्र नव्याने पत्ता मागतं तेव्हा जो डबा आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतं. पुढच्याने दिला तर इंटरनेट चालू. मागच्याने दिला तर १९२.१६८.०.काहीतरी, आणि गेटवे म्हणून मागचा स्वतः, ज्याच्या निळ्या पोर्टमध्ये केबलच नाही. ज्यांच्याकडे जुना पत्ता शिल्लक होता त्यांचं चालत राहिलं, वायफाय बंद-चालू केलं की चिठ्ठी पुन्हा उचलली जायची. आणि मी सगळ्यांना सांगत होतो, "एकदा वायफाय बंद करून चालू कर."

९.१५ ला माझ्या मोबाइलचा पत्ता पाहिला: १९२.१६८.०.१०३. तेव्हा कळलं. मागच्याची केबल उपटली, प्रत्येक यंत्राचं वायफाय एकदा बंद-चालू केलं, पाच मिनिटांत घर ताळ्यावर. आजचे तीन तास, अधिक बायकोची मीटिंग.

११ जून, बुधवार

काल हात लावला नाही. आज मागचा डबा टेबलावर आणला, फक्त विजेची वायर लावलेली, घराच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडलेला. रिसेट याच अवस्थेत करायचा असतो.

आधी मोबाइलने प्रयत्न. लेबलवर छापलेल्या, कारखान्यातूनच आलेल्या नावाच्या वायफायला जोडलं, पत्ता टाकला, पान नाही. या वायफायवर इंटरनेट नाही हे ओळखून मोबाइल गुपचूप मोबाइल डेटावर गेला होता. डेटा बंद केला आणि पान आलं. पण त्या बारीक पानावर बोटाने काम करणं जमेना, म्हणून लॅपटॉप.

लॅपटॉपची केबल लावली, पान नाही. पंधरा मिनिटं गेल्यावर पाहिलं तर केबल निळ्या पोर्टमध्ये. ते बाहेरच्या जगाचं तोंड, तिकडून सेटिंगला सहसा प्रवेश नसतो. पिवळ्यात लावली. लॅपटॉपला १९२.१६८.०.१०० मिळाला, राखाडी पान उघडलं, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन चाललं.

त्यानंतर केलेलं, याच क्रमाने (त्यात एक चूक आहे, ती तिथेच सांगतो), आणि क्रम महत्त्वाचा आहे:

सेटिंगचा पासवर्ड बदलला. वायफायचं नाव पूर्वीचंच ठेवलं, पासवर्ड नवा दिला (मूळ काम! पाचव्या दिवशी, दीड मिनिटात). मग डीएचसीपी बंद केलं आणि 'जतन करा' दाबलं. इथे चुकलो. डब्याने स्वतःला पुन्हा सुरू केलं, लॅपटॉपने नवा पत्ता मागितला, द्यायला कुणी नाही, म्हणून त्याने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला. हा आकडा दिसला की समजायचं, पत्ता कुणीही दिलेला नाही. मला परत १९२.१६८.०.५० हाताने भरून आत यावं लागलं. आधी डब्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा आणि डीएचसीपी शेवटी बंद करायचं, हा बरा क्रम.

परत आत जाऊन डब्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. २ का, तर पुढचा १०० च्या वरचेच पत्ते वाटतो हे शनिवारी लिहून ठेवलं होतं, त्यामुळे टक्कर होणार नाही. १ तर पुढच्याचाच. जतन केल्यावर पान अर्ध्यात लटकलं, ते लटकणारच, कारण ज्या पत्त्यावर ते उघडं होतं तो पत्ता आता उरला नाही. घाबरून वीज काढू नका, दोन मिनिटं दिवे स्थिर होऊ द्या.

मग लॅपटॉप 'आपोआप' वर परत (या वेळी आठवणीने), मागचा डबा जागेवर, केबल पिवळ्या पोर्टमध्ये. १९२.१६८.१.२ टाकलं. राखाडी पान. सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून ठेवली. बऱ्याच नव्या राउटरमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' नावाचा तयार पर्याय असतो, तो ही सगळी उस्तवार एका टिचकीत करतो. तिथे मात्र डबा सहसा पुढच्याकडून पत्ता घेतो, त्यामुळे लेबलवरचा चालत नाही आणि नवा पुढच्याच्या यादीत शोधावा लागतो. माझ्या जुन्यात तो पर्याय नाही.

पावणेदोन तास. पैसे शून्य. रविवारी संशयावरून कात्रीने कापून टाकलेली एक चांगली केबल मोजायची तर मोजा.

१४ जून, शनिवार

दोन्ही डब्यांच्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलं: 'पुढचा, १.१' आणि 'मागचा, १.२, साधं एचटीटीपी'. पासवर्ड पट्टीवर नाही, वहीत.

सकाळी वीज जाऊन आली, दोन्ही डबे आपापल्या पत्त्यावर उठले की नाही ते बघावं म्हणून मोबाइल उचलला, मागच्याचा पत्ता टाकला आणि समोर सर्चचे निकाल आले.

दोन सेकंद पोटात गोळा. मग कीबोर्डकडे बघितलं.